सचिनहून दुबई, सचिनहून बँकॉक : किलोमीटर कमी, तास जास्त

सुरतच्या विमानतळापासून दुबई हवाई रेषेत साधारण 1,830 किलोमीटर आहे, बँकॉक 3,080. पहिला प्रवास तीन-सव्वातीन तासांचा, दुसरा चार-साडेचार तासांचा. मोबाइलवर विचारलं की हेच आकडे मिळतात आणि ते बरोबरही आहेत. पण सुरतजवळच्या सचिन नाक्यावर बॅग घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग थोडाच. त्याला कळायला हवं ते वेगळंच : घरून किती वाजता निघू, तिथे दारात किती वाजता पोहोचेन, आणि मधला सगळा वेळ कुठे जातो.

सचिन, पांडेसरा, उधना, डिंडोली, लिंबायत या पट्ट्यात मराठी माणूस, त्यातही खानदेशी, भरपूर. आपल्यातली कामासाठी आखातात जाणारी पोरं आहेत, सचिनच्या सेझमध्ये हिऱ्याच्या कामात असलेले आहेत, आणि हल्ली ग्रुप करून बँकॉक-पटायाची टूर काढणारेही आहेत. तिघांच्या गरजा वेगळ्या, पण तिकीट वाचताना चुका त्याच होतात.

आधी विमानतळाचं बघू. सुरतेहून परदेशी उड्डाण सुरू झालं ते फेब्रुवारी 2019 मध्ये, एअर इंडिया एक्स्प्रेसचं शारजाला. 17 डिसेंबर 2023 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि दुबईची सेवा आली. 20 डिसेंबर 2024 पासून बँकॉकही जोडलं गेलं. ही उड्डाणं येण्याआधी दुबईला जायचं म्हणजे मुंबई गाठणं आलंच. ती सवय अजून गेलेली नाही. आजही कित्येकजण न बघताच मुंबईचं तिकीट काढतात. काखेत कळसा नि गावाला वळसा.

या वळशाचा हिशेब मांडू, कारण खरी गंमत त्यातच आहे. मुंबईहून दुबई हवाई रेषेत 1,930 किलोमीटर भरते, म्हणजे सुरतेपेक्षा फक्त शंभरेक किलोमीटर जास्त. बँकॉकला तर मुंबई पन्नासेक किलोमीटर जवळच आहे. हवेत दहा मिनिटांचा फरक पडला तर पडला. आता जमिनीवर या.

समजा दुबईचं विमान रात्री साडेअकराचं आहे. सुरतेहून असेल तर संध्याकाळी सव्वासातला सचिनहून निघा. मगदल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने विमानतळ वीसेक किलोमीटर, पण हजिऱ्याचे ट्रेलर आणि जीआयडीसीची पाळी सुटण्याची वेळ धरून तास हाताशी ठेवा. सव्वाआठ-साडेआठला विमानतळ, साडेअकराला उड्डाण, दुबईच्या घड्याळात सव्वाएकला उतरणं, पासपोर्टची रांग आणि सामान धरून तिथल्या सव्वादोनला बाहेर. तेव्हा आपल्याकडे पावणेचार वाजलेले असतात. सचिनच्या दारापासून दुबईच्या फुटपाथपर्यंत साडेआठ तास.

तेच विमान मुंबईहून असेल तर? सचिनला बहुतेक लोकल आणि मेमू गाड्याच थांबतात, त्यामुळे आधी सुरत किंवा नवसारी गाठा. तिथून बोरीवली तीन-चार तास. बोरीवलीहून विमानतळ अंतराने जवळ, पण संध्याकाळच्या वेळी तासभर सहज जातो. रस्त्याने निघालात तर अंतर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, आणि मनोरपासून घोडबंदरपर्यंत काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. साडेअकराच्या विमानासाठी दुपारी एकच्या सुमाराला घर सोडावं लागतं. एकूण चौदा-पंधरा तास. हवेतलं अंतर शंभर किलोमीटरने वाढलं आणि प्रवास सहा तासांनी.

म्हणून मुंबई कायम वाईट असंही नाही. मुंबईहून दुबईला दिवसभरात भरपूर विमानं आहेत, एक चुकलं तर दुसरं मिळतं, आणि भाडंही बरेचदा कमी असतं. पाठीवर एक सॅक टाकून जाणाऱ्या एकट्या तरुणाला मुंबई परवडते. म्हातारे आईवडील, लहान मूल आणि चार बॅगा असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी सुरतच घ्या. तुलना करताना मुंबईच्या भाड्यात टॅक्सी, जेवण आणि गरज पडली तर रात्रीच्या लॉजचा खर्च मिळवा. मग स्वस्त तिकीट किती स्वस्त उरतं ते बघा.

आता तिकीट वाचण्याकडे वळू. सचिन स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात असं तिकीट कुणीतरी छापून घेत असतं. सुरत 23:30, दुबई 01:15. घेणारा बोटांवर मोजतो : साडेअकरा ते सव्वाएक, पावणेदोन तास. "भाऊ, पावणेदोन तासात दुबई!" आणि परतीचं तिकीट बघून चक्रावतो, कारण दुबई 18:00, सुरत 22:20 म्हणजे सव्वाचार तासांहून जास्त. विमान तेच, अंतर तेच, मग येताना एवढा उशीर का? कारण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जातानाच्या पावणेदोन तासांत दीड तास मिळवा, सव्वातीन होतात. येतानाच्या चार तास वीस मिनिटांतून दीड तास वजा करा, दोन तास पन्नास मिनिटं उरतात. बँकॉकचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणून तिकडे सगळं उलटं. सुरतेहून रात्री दहाला निघून तिथल्या पहाटे साडेतीनला उतरलात, तर घड्याळात साडेपाच तास दिसतात आणि प्रवास चारच तासांचा असतो. लक्षात ठेवायला सोपं : पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला जाताना वजा करा, परतीला उलट.

इथे एक जरा चमत्कारिक गोष्ट आहे. आपलं घड्याळ दुबई आणि बँकॉकच्या अगदी मधोमध आहे, दोन्हीकडे दीडच तास. पण बँकॉक दुबईपेक्षा साडेबाराशे किलोमीटर लांब. असं कसं? पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. सुरत आणि दुबई यांच्यात रेखांशाचं अंतर साडेसतरा अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सत्तरेक मिनिटं. सुरत-बँकॉक अठ्ठावीस अंश, म्हणजे जवळजवळ एक तास बावन्न मिनिटं. घड्याळं मात्र सरकारी असतात. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरून, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून मोजतात. सुरत त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा चाळीसेक मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. मुंबईने तर स्वतःची वेगळी वेळ 1955 पर्यंत चालवली होती. तेव्हा दोन शहरांच्या घड्याळांतल्या फरकावरून ती किती लांब आहेत हे ठरवायला जाऊ नका. एक सोय मात्र आहे : भारत, अमिराती आणि थायलंड यांपैकी कुणीच उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करत नाही. हा दीड तास बारा महिने तेवढाच. लंडनला भाऊ असलेल्यांना हे सुख नाही.

घड्याळापेक्षाही महाग पडते ती तारीख. 15 तारखेच्या तिकिटावर 00:40 लिहिलेलं असेल तर घरून निघायचं 14 तारखेच्या संध्याकाळी. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि बोलण्यातही रात्री साडेबाराला आपण "आज रात्री" म्हणतो. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बदलतो. 15 च्या रात्री जेवून-खाऊन, देवाला नमस्कार करून विमानतळावर पोहोचलेल्या माणसाचं विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं, आणि असं तिकीट बहुतेक वेळा बुडीत खाती जातं. आखाताकडची बरीच विमानं रात्रीचीच असतात, त्यामुळे हा घोळ नेमका त्याच मार्गावर होतो. कालनिर्णयावर पेनाने गोल करताना "अमुक तारखेला घरून निघणे, संध्याकाळी इतके वाजता" असं लिहा. विमानाची वेळ लिहूच नका.

अंतरावरून वेळेचा अंदाज स्वतः बांधायचा असेल तर एक ढोबळ रीत आहे. किलोमीटरला 800 ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. दुबईसाठी 1,830 भागिले 800 म्हणजे जवळपास दोन तास सतरा मिनिटं, अर्धा तास धरून पावणेतीन तास. बँकॉकसाठी याच रीतीने चार तास वीस मिनिटं. वेळापत्रकातला आकडा याच्या थोडा मागेपुढे येतो, त्याला दोन कारणं. एक, वेळापत्रकात विमान टर्मिनलपासून मागे सरकतं तिथपासून दुसरीकडे उभं राहीपर्यंतचा वेळ धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, दुबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, आणि कधी एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा मोठा फटका दिल्लीसारख्या उत्तरेकडच्या शहरांना बसला. सुरतेहून दुबईचा रस्ता मुख्यतः अरबी समुद्रावरून जातो, त्यामुळे आपण त्या मानाने सुटलो.

दुसरं कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांची किनार आपल्या मार्गांनाही लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुबईला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी. बँकॉकला जाताना कमी आणि येताना जास्त. ऐन पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचे वारे उलटे होतात, पूर्वेकडून पश्चिमेकडे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बँकॉकहून परतताना पाठीवर वारा मिळतो. सुरतेला हे नवीन नाही. मुघल काळात या बंदराला मक्केचं दार म्हणायचे, हाजींची गलबतं इथूनच सुटायची, आणि तीही वाऱ्याचा मोसम बघूनच. तेव्हा मोसम चुकला की महिने जायचे, आता पंधरा-वीस मिनिटं जातात.

वेळ वाचवायचा तर जमिनीवर वाचवा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी सामान घेण्याची खिडकी साधारण तीन तास आधी उघडते आणि बहुतेक कंपन्या ती उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात. ही वेळ मिनिटावर पाळली जाते, विनवणीला तिथे किंमत नाही. त्यानंतर पासपोर्ट तपासणी, मग सुरक्षा तपासणी. सुरतेहून परदेशी जाणारी विमानं थोडी, म्हणून रांगा मुंबईएवढ्या नसतात. पण एकाच विमानाचे सगळे प्रवासी एकदम येतात, तेव्हा उशिरा गेलात तर शेपटाला उभे राहाल.

कामासाठी अमिरातीला जाणाऱ्यांनी पासपोर्टवर "ईसीआर" आहे का ते आधी बघावं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर हा शेरा असतो, आणि नोकरीच्या व्हिसावर जायचं तर सरकारची परवानगी ई-मायग्रेट पोर्टलवरून घ्यावी लागते. ठरवलेल्या अठरा देशांसाठी हा नियम आहे, त्यात अमिरातीही आहे. एजंट "विझिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. विमानतळावरून परत पाठवलेल्या माणसाचा प्रवास शून्य किलोमीटर होतो आणि पैसे पूर्ण जातात. थायलंडला जाणाऱ्यांसाठी 1 मे 2025 पासून तिथलं डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. त्याचे पैसे मागणारं पान दिसलं तर ते खोटं समजा. ग्रुपमध्ये वीस जण असतील तर वीसही जणांची कार्डं घरूनच भरून न्या, नाहीतर बँकॉकला उतरल्यावर एकाच्या मोबाइलवरून वीस अर्ज भरण्यात पहिली सकाळ संपते. दोन्हीकडे पासपोर्ट निदान सहा महिने चालू असलेला हवा. व्हिसाचे नियम मात्र बदलत राहतात, ते तिकीट काढायच्या दिवशी ताजे बघून घ्या.

कुठे उतरता हेही तपासा. दुबई आणि शारजा ही दोन वेगळी विमानतळं, पण शहरं एकमेकांना चिकटलेली. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार वस्तीत राहणाऱ्याला शारजा गैरसोयीचं नाही, कारण ती वस्ती शारजाच्या हद्दीजवळच आहे. जबल अलीला जाणाऱ्याने शारजाचं स्वस्त तिकीट घेऊ नये, संध्याकाळच्या शारजा-दुबई रस्त्यावर तो वेळ परत जातो. बँकॉकलाही सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग अशी दोन विमानतळं आहेत, शहराच्या दोन टोकांना. तिथून पुढे फुकेतचं वेगळं विमान पकडायचं असेल तर दोन्ही तिकिटांवर विमानतळ एकच आहे ना ते बघा. हिऱ्याच्या कामाने जाणाऱ्यांसाठी आणखी एक : जानेवारी 2022 पासून दुबईत शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो, शारजात सरकारी कचेऱ्या शुक्रवार ते रविवार तीन दिवस बंद. शुक्रवारी दुपारी उतरणारं विमान व्यापाऱ्याच्या कामाचं नाही, ते कितीही वेळेवर पोहोचलं तरी.

हाँगकाँगसारख्या ठिकाणी जायचं आणि थेट विमान मिळत नसेल तर मधल्या थांब्याचा हिशेब येतो. सुरतेपासून हाँगकाँग सरळ रेषेत 4,240 किलोमीटरच्या आसपास, पण दिल्लीमार्गे जाताना आधी साडेनऊशे किलोमीटर उत्तरेला जाता, मग पूर्वेला वळता. खरा वेळ मधल्या थांब्यात जातो. तो तीन तासांपेक्षा कमी असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमची जबाबदारी घेत नाही. मुंबईत आता प्रश्न आणखी वाढला आहे. आधी दोन टर्मिनल होती, डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं असेल तर मधले पाच तासही कमीच समजा.

लेट झालंच तर तुमचा काय हक्क आहे तेही ठाऊक असू द्या. भारतीय हवाई नियामकाच्या नियमाप्रमाणे अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. दुबई आणि बँकॉक दोन्ही यात बसतात. खिडकीवर जाऊन शांतपणे मागा.

आणि थेट विमान रोज असेलच असं गृहीत धरू नका. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सुरतेसारख्या ठिकाणी आठवड्यातले वार बदलतात, कधी मार्गच बंद होतो. लग्नाची किंवा नोकरीवर हजर होण्याची तारीख पक्की करण्याआधी त्या वाराला सुरतेहून विमान आहे का ते पाहा. एप्रिलचं तिकीट जानेवारीत काढलं असेल तर मार्चअखेरीस वेळ पुन्हा तपासा, कंपनीचा मेसेज जुन्या मोबाइल नंबरवर गेलेला असू शकतो.

शेवटी नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडच्या वाचकांसाठी. तुम्हालाही मुंबई गाठायची गरज नाही. उधना-जळगाव लोहमार्ग 306 किलोमीटरचा आहे आणि नंदुरबारहून उधना तीनेक तासांत येतं. रात्रीच्या विमानासाठी सकाळची गाडी पकडा, दुपारच्या गाडीवर विसंबू नका. सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, गाडी उधन्याला थांबत असेल तर तिथेच उतरा. विमानतळ तिथून जवळ पडतं.